बगळीचे थांबे

"हलू नको बगळे, डाक्टरीण घरचीच हाय आपली," म्हणत पुंजाजीने गाईची मान छातीशी घट्ट धरली. मायाने मानेच्या शिरेत सुई घातली आणि नळी भरून घेतली.

"पाय कोणता धरते, बाबा?"

"मांगचा. चरून येता येता दोन-तीन ठिकानी उभीच रायते."

"रोज अंधार पडते या दोघायले घरी याले," मायाची आई इंदूबाई गोठ्याच्या दारातून म्हणाली. "तुहा बाप म्हन्ते गाय लंगडी झाली. गाय तं काई बोलत नाई."

पुंजाजी हसला, पण आधी दम खाऊन.

मायाने चारही खूर उचलून पाहिले. वरून काही दिसेना. "जरा चालवून दाखवा बरं तिले."

"आता नको बेटा. अकोल्याची बस जाईन तुही."

अकोल्याच्या प्रयोगशाळेत तिचे काम हेच होते. गाय दुखणे लपवते. ती लंगडताना दिसेपर्यंत खूर आतून नासलेला असतो. त्याआधीच रक्तात उमटणाऱ्या खुणा माया शोधत होती. बगळीचे रक्त मात्र स्वच्छ निघाले. पुन्हा नळी मागवली, पुन्हा तेच. लंगडी गाय हातून निसटली म्हणजे चाचणीच चुकली, असे धरून ती हिवाळाभर चाचणी दुरुस्त करत बसली. फोनवर विचारायची तेही गाईचेच.

"आता कशी चालते, बाबा?"

"हळूच. तू तुह्यं काम कर. मी हाव ना तिच्यासंग."

मार्चमध्ये पुंजाजी गोठ्यातच कोसळला, तो उठलाच नाही. अचलपूरच्या डॉक्टरांनी विचारले, "हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं होतं. चालताना थांबत असतील. कोणाच्या लक्षात नाही आलं?"

बाबाच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर माया बगळीला चरायला घेऊन गेली. परतताना गाय भरभर चालत होती, चारही पाय सारखे पडत होते. चिंचेखाली ती आपणहून थांबली. मायाने दावे ओढले नाही. मग निघाली, ती नाल्याच्या पुलावर पुन्हा उभी राहिली. कठड्यावर बाबाच्या तंबाखूच्या चुन्याची बोटे पुसलेली होती, एकावर एक, कितीतरी.

माया तिथे बसली. बगळीने एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिले, आणि माया उठेपर्यंत ती जागची हलली नाही.