किल्लेदारासाठी गाऱ्हाणं

आप्पाला पुस्तक लागलं म्हणजे भूत लागल्यासारखं. त्यातनं पुस्तक तलवारीचं नि घोड्यांचं असलं, तर विचारूच नका. रत्नागिरीत बाजाराला गेला की मिरच्या विसरायचा, पण वाचनालयातला जाड ठोकळा काखेत मारून यायचा. मग चार दिवस माणूस घरात नाही. म्हणजे बसलेला पडवीतच, पण नाही. जेवताना भाताला बुरूज पाडायचा नि कडेच्या खंदकात आमटी सोडायचा. बायकोनं, विमलानं, हाक मारली की ओरडायचा, "कोण आहे तिकडे?"

"मी आहे, राणी सरकार. तुमची पेज निवली."

अठ्ठ्याण्णव साली नारळी पुनव झाली नि त्याच्या हाताला वेळणगडाचं पुस्तक आलं. किल्लेदार रवळोजी गडावर कोंडलेला, खाली गनिमाचा वेढा, कोठारात उंदरालाही दाणा नाही. आता रवळोजी काय करतो, एवढ्यात विमलानं पुस्तक खेचलंन.

"उठा! आत्मारामाची होडी खोळंबलीय तुमच्यासाठी."

आत्मारामानं नवी होडी बांधली होती. होडी पाण्यात जायची तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि वाडीत गाऱ्हाण्याचा मान आप्पाच्या घराचा. आधी आज्याचा, मग बापाचा, आता त्याचा. त्याचा चुलतभाऊ भागोजी कित्येक वर्षं त्या मानावर टपलेला. आप्पा एकदा चुकू दे, एवढंच त्याचं देवाकडं मागणं.

पुस्तक सदऱ्याच्या आत खुपसून आप्पा किनाऱ्यावर गेला. भरती टिच्चून भरलेली, सगळी वाडी हात जोडून उभी. आप्पानं नारळ धरलान, डोळे मिटलेन नि आवाज लावलान.

"बा देवा म्हाराजा! आज तुझा लेकरू आत्माराम नवी होडी पाण्यात घालतोय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याला वारा धार्जिणा दे, जाळं भरून दे..."

"व्हय म्हाराजा!"

इथवर ठीक. पण डोळे मिटले की आप्पाला अंधारात गडच दिसायला लागला.

"वाटेत कोण आडवा आला, त्याला बाजूला सार. खालचा वेढा उठव..."

"व्हय म्हाराजा!"

"नि आमच्या रवळोजीला जित्ता खाली उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी ओरडली. सवयीच्या तोंडाला काय कळतंय?

नारळ फुटला. मग आत्मारामाची बायको, सोनूबाई, पुढं झाली.

"आप्पानू, रवळोजी कोण वो?"

आप्पाचा हात आपसूक सदऱ्यावर गेला. भागोजीनं सदऱ्याला हात घालून पुस्तक उपसलंन. "हा बघा रवळोजी! होडी आत्मारामाची नि गाऱ्हाणं पुस्तकातल्या माणसाचं! ह्याचा मान काढा. दुसरा नारळ आणा, मी घालतो."

"थांब मेल्या," सोनूबाई म्हणाली. "एकदा घातलेलं गाऱ्हाणं पुसता येतं होय? देवानं ऐकलंन की नाय ते आधी बघू. आप्पानू, वाचा. तो माणूस जगला तर होडी जाईल नि मान तुमचा. मेला तर होडी वाळूवरच, मान भागोजीचा."

"अगो, पुस्तक छापून वीस वर्षं झाली असतील!" भागोजी म्हणाला. "आजच्या गाऱ्हाण्यानं तो कसा जगेल?"

"देवाला काय, आधी नि मागनं सारखंच."

भागोजीनं पुस्तक आप्पाच्या हातात आदळलंन. आप्पा होडीला टेकून वाचायला लागला. रवळोजी चोरवाटेनं निघाला, कड्याला दोर बांधलान, अर्ध्यात आला. बायकांनी पदर तोंडाला लावले. आत्माराम भरतीकडं बघायचा विसरला. आप्पानं पान उलटलंन.

नि बोट पहिल्याच ओळीवर अडलं.

पानावर रवळोजीला गोळी लागली होती. खाली पडून मेलाही होता. पुढं सतीबिती सगळं.

"वाचा की वो!"

आप्पानं पुस्तक डोळ्यांजवळ ओढलंन. बोट ओळीवर तसंच ठेवलंन नि म्हणाला, "खाली... खाली होडी लागली होती."

"कसली?"

"नवीकोरी. पुढल्या टोकाला, नाळीवर, डोळे रंगवलेले."

"आमच्यासारखेच!" सोनूबाई मोहरली.

"नाखवा मोठा छातीचा. अगदी आत्मारामासारखा."

"पुस्तकात आत्माराम कुठनं आला?" भागोजी.

"सारखा, म्हणाले ते. कान साफ कर." हे आत्माराम स्वतःच.

मग काय, आप्पाला रंग चढला. रवळोजीला होडीत घातलंन, वारा सोडलान, गनिमाची गलबतं एकमेकांवर आपटलीन. शेवटी किल्लेदार दुसऱ्या तीराला उतरून मच्छीकालवण जेवला तेव्हा वाडीनं टाळ्या पिटल्या. "ढकला!" आत्माराम ओरडला. पुस्तक वाळूत ठेवून आप्पानंही खांदा लावलान. होडी सुळकन पाण्यात गेली.

आप्पा मागं वळला, तर पुस्तक नाही. भागोजीही नाही.

त्या दिवसापासून आप्पाच्या भाताला बुरूज नाहीत. भागोजी पान वाचणार, वाडीला सांगणार, आज्यापासनं आलेला मान जाणार.

तिसऱ्या दुपारी भागोजी अंगणात आला. पुस्तक छातीशी, डोळे सुजून लाल. आप्पा उठून उभा राहिला.

"आप्पा," भागोजीचा आवाज फुटला. "मेला रे आपला रवळोजी."

"व्हय रे," आप्पा म्हणाला. त्यालाही आता रडता आलं. दोघं पडवीत बसले नि मोकळे झाले.

"तू वाडीत सांगणार?"

"काय सांगू? तू तरी त्याला जेवायला घातलंस." भागोजीनं नाक पुसलंन. "पण त्याचा पोर गनिमाच्या हाती लागलाय. दुसरा भाग आहे काय?"

"वाचनालयात आहे."

"तीनची गाडी मिळेल. नि ऐक, पुढल्या गाऱ्हाण्यात पोराचं नाव घे. हळूच घे. 'व्हय म्हाराजा' मी मोठ्यानं म्हणतो."

दोघं तरातरा निघाले. मागनं विमला ओरडत होती, "मिरच्या! निदान दोघांतल्या एकानं तरी मिरच्या आणा!"

गडावर असल्या हाका ऐकू जात नाहीत.