धाकटीसाठी म्हटलेलं

…हा माशीएवढा माइक, गळ्याशी बसला की पोटातलं पाणीसुद्धा ऐकतो म्हणे. अख्खी उमेद मुक्या सिनेमात नुसते ओठ हलवण्यात गेली, आणि आता नव्वदीत आवंढा गिळायचीही चोरी—

माहितीपट करणारी मुलगी गोड होती. "आजी, तो प्रार्थनेचा सीन. पडद्यावरच्या पाटीवर 'देवा, माझ्या लेकराला वाचव' एवढंच येतं. पण ओठ कितीतरी वेळ हलतायत. काय म्हणत होतात?"

"सांगा की," दारातून सून म्हणाली. "एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुमच्या."

काय म्हणत होते मी… दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतोय, रड, अजून रड. दिव्यांच्या धगीनं चेहऱ्यावरची पावडर ओघळतेय. आणि मी हात जोडून बोलतेय ते देवाशी नव्हेच, धाकट्या बहिणीशी. धाकटी जन्माची बहिरी, ओठ वाचायची. प्रत्येक सिनेमात तिच्यापुरतं काहीतरी बोलून ठेवायचं, हा दोघींचा खेळ. सगळं थिएटर हुंदके देतंय आणि पहिल्या रांगेत ही खदखदा हसतेय. लोक शुक्‌शुक्‌ करायचे, ते तिला कुठलं ऐकू यायला. त्या प्रार्थनेपायी माणसं पायांवर डोकं ठेवून गेली, तरी मी कुणाला सांगितलं नाही. धाकटी गेल्यावर तर नाहीच. तिचं म्हणून तेवढंच उरलेलं. तेही या पोरीच्या यंत्रात ओतायचं?

"आठवत नसेल तर बघू या ना," म्हणत मुलीनं लॅपटॉप पुढे सरकवला.

कोवळी पोर, जोडलेले हात, भराभर हलणारे ओठ… दिग्दर्शकाच्या टोपाबद्दल काही होतं का? की घरातलंच?

"पुन्हा लाव गं."

पुन्हा. आणखी एकदा. ओठ आपलेच, आणि एक अक्षर उमगेना. इतकी वर्षं कुलूप घालून बसले, आणि आत काही नाहीच—वाचता यायचं ते एकटीला, ती सगळं घेऊन गेली… अगं चोरटे.

"आलं लक्षात?" मुलीनं विचारलं.

"नाही बाई."

खरंच नव्हतं आलं. मग आजी नुसतीच बघत राहिली, तिकीट काढून आलेल्या कुणासारखी. पडद्यावरची ही पोर जीव तोडून काहीतरी मागतेय एवढं मात्र दिसत होतं. काय, ते कळत नव्हतं. पण ते तिला मिळावं, देवानं द्यावं, असं आजीला आतून कळवळून वाटू लागलं—