मोतीरामच्या फॉर्मवरच्या चार खुणा

मोतीराम चांगला टर्नर होता हे आज मी कोणालाही छातीठोकपणे सांगतो. आज सांगायला माझं काय जातं? ज्या दिवशी ते इंग्रजीत, चार खुणांनी सांगायचं होतं, त्या दिवशी मात्र माझा हात आखडला.

साल अठ्ठ्याहत्तर. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना पंपांचे भाग बनवायचा. मी केरबा, शेंद्र्याचा, धनगराचा. बापाचा जन्म मेंढरांमागं गेला आणि मी रोज सायकलवर जालना रोड तुडवत लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर आलो. शिक्षण सातवी. पण लोखंड मला कळायचं. आमच्याकडं प्रत्येक टर्नरच्या हाताखाली एक हेल्पर असायचा आणि हेल्परनं आपल्या टर्नरला वस्ताद म्हणायचं. मी सगळ्यांत जुना, सहा लेथवर माझी देखरेख, म्हणून मला सगळेच वस्ताद म्हणायचे. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला फार गोड लागायचं.

मोतीराम माझा हेल्पर. बौद्ध, मॅट्रिक झालेला. कॉलेजात एक वर्ष काढलं आणि वडील गेले म्हणून कामाला लागला. आला तो लेथखालचा लोखंडाचा कीस झाडायला. त्याला मी शिकवलं असा मोठेपणा मी घेणार नाही, तो नुसता बघत राहिला. दोन वर्षांत अशी गत झाली की मी पेपर वाचत बसलो तरी माझी मशीन चालू असायची. आमच्या कामात शाफ्ट म्हणजे दांडा आणि बुश म्हणजे त्याची नळी, यांचं माप नेमकं जमलं, की तेल लावलेला शाफ्ट बुशात आपल्याच वजनानं हळूहळू उतरतो. ढकलावा लागला तर काम घट्ट, धपकन पडला तर ढिलं. मोतीरामचा शाफ्ट असा उतरायचा की शेजारचे हातातलं सोडून बघायला यायचे. कागदावर मात्र तो आठ वर्षं हेल्परच होता.

आमच्या शॉपची एक रीत होती. चहाची किटली आली की एका मशीनला एक ग्लास मिळायचा. आधी टर्नर पिणार, मग त्याच ग्लासात हेल्पर. सुट्टी दहा मिनिटांची, विसळत कोण बसतो? मोतीराम माझ्यामागून प्यायचा आणि त्याच्यामागून कोणी नसायचं. तेवढ्यावर आमच्या कारखान्यात जातपात नाही असं आम्ही बाहेर मोठ्या तोंडानं सांगायचो.

जुलैच्या शेवटी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे कोणाची घरं पेटली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोतीराम आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी आला तो आईला, कडूबाईला, गावाहून आणून मुकुंदवाडीत खोली करून. गावातलं घर जळालं होतं.

"आई बरी हाय ना?" मी विचारलं.

"हाय, वस्ताद," तो म्हणाला आणि लेथवर काम पकडायचा चक आवळायला लागला.

मी पुढं काही विचारलं नाही. ते मला शहाणपणाचं वाटलं. भ्याडपणाला आपण किती चांगली नावं शोधतो!

दसऱ्याआधी मुंबईच्या हेड ऑफिसातून फॉर्म आले, एकेका कामगाराचा एक. टर्निंग, आटे पाडणं, आतून भोक कातायचं बोअरिंग, टूलला धार लावणं अशी चार कामं आणि प्रत्येकासमोर तीन इंग्रजी शब्द. त्यातल्या एकावर खूण करायची. नव्या शेडमध्ये दोन लेथ यायचे होते. ज्या हेल्परला चारही कामांत सगळ्यांत वरचा शब्द मिळेल, तो टर्नर होणार, त्याला लेथ मिळणार, हाताखाली हेल्पर मिळणार.

"शनिवारपर्यंत भरून दे, केरबा," कारखान्याचे साहेब म्हणाले. "तू जे लिहिशील तेच मी वर पाठवीन."

अक्षरं मला ओळखू येत होती, शब्दांचा अर्थ लागत नव्हता. साहेबांना विचारायची लाज वाटली. नोटीस बोर्डावर काही लागलं की सगळ्यांना वाचून दाखवायचा तो मोतीराम, म्हणून मी ते तीन शब्द विडीच्या पुड्यावर उतरवले आणि जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या लिंबाखाली त्याच्यापुढं धरले. कशातले आहेत ते सांगितलं नाही. त्यानं आधी हात पुसले, मग पुडा घेतला.

"ह्यो लर्निंग. अजून शिकतोय, असं. ह्यो कॉम्पिटंट. सांगितलं तेवढं काम बिनचूक करतो, असा माणूस."

"आन ह्यो?"

"मास्टरी." त्याचा चेहरा उजळला. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच. "ह्यो लई मोठा शब्द हाय, वस्ताद. नुसतं काम येणं येगळं. मास्टरी म्हंजे त्याला सांगायचं काही उरलंच नाय. मशीन बिघडायच्या आधी त्याला आवाजावरनं कळतं. कधी न पाहिलेलं ड्रॉइंग समोर आलं तरी हात अडत नाय."

"मग अशा माणसाला कॉम्पिटंट म्हणलं तर? शिवी तर नाय ना ती?"

"शिवी नाय. पर खोटं हाय."

मी विडी पेटवली. त्याला वाटलं मला अजून नीट कळलं नाही. शिकवायची हौस दांडगी, म्हणून तो म्हणाला, "वापरायचा कसा ते सांगतो. केरबा वस्ताद हॅज मास्टरी ऑफ द लेथ. असा. मधी 'ऑफ' येतो."

स्वतःचं नाव इंग्रजी वाक्यात मी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं आणि छाती थोडी फुगली हेही सांगून टाकतो.

शुक्रवारी घरी पोचलो तर ओट्यावर रामकिसन बसलेला. माझ्या बायकोचा, बानाबाईचा धाकटा भाऊ. मीच त्याला कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटवलं होतं. ऑफिसातल्या शिपायाकडून त्याला बातमी लागली होती.

"दाजी, नव्या शेडात मला मोतीरामच्या हाताखाली टाकणार म्हणं."

"मग? काम तरी शिकशील."

"त्याच्या उष्ट्या ग्लासात च्या प्यायचा व्हय म्या? आन त्याला वस्ताद म्हणायचं?"

बानाबाई दारात येऊन उभी राहिली. "अवं, गावात काय चाललंय ते दिसत नाय का तुमाला? उद्या लोक आपल्या दारात यून उभी ऱ्हातील. पोरीचं लग्न जमत आलंय."

मला संताप आला. मेंढरं कोणाच्या बांधाला लागली की माझ्या बापाला पाटलाच्या दारात तासन् तास उकिडवं बसवून ठेवायचे. रामकिसनच्या बापालाही. मी म्हणालो, "आपुन तरी कुठं मोठे लागून गेलो रे? आपल्या बापाचे दिवस इसरला का?"

"इसरलो नाय, म्हणून तर म्हणतो," रामकिसन म्हणाला. "आपल्याखाली कोणीतरी असू द्या, दाजी."

हे ऐकून मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. मी बानाबाईला म्हणालो, त्याला जेवायला वाढ.

शनिवारी सकाळी स्टोअरमध्ये बसून फॉर्म भरले. मोतीरामचा शेवटी ठेवला. वर्षाचाच तर प्रश्न आहे, वातावरण निवळलं की पुढच्या साली बघू, त्याच्याही जिवाला आत्ता नसता घोर नको, असं मी स्वतःला समजावलं. त्याच्या जिवाचा घोर! आणि चारही ओळींत मधल्या शब्दावर खूण केली. मला अर्थ माहीत नसता तर पुढं मी सुखानं जगलो असतो. पण अर्थ मला चोख माहीत होता, आणि ज्याचा फॉर्म होता त्यानंच तो सांगितला होता.

साहेबांनी फॉर्म चाळले. मोतीरामच्या फॉर्मवर क्षणभर थांबले, सही केली आणि म्हणाले, "बरं केलंस. या दिवसांत भानगड नको." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. त्यामुळं मला जरा हलकं वाटलं, याची आज किळस येते.

दिवाळीनंतर यादी लागली. दोन्ही लेथवर बाहेरून माणसं घेणार होते. बोर्डापुढं गर्दी झाली आणि नेहमीप्रमाणं सगळे ओरडले, "मोतीराम, वाच रे!" त्यानं वरपासून वाचायला घेतलं, नाव आणि समोरचे चार शब्द. स्वतःच्या नावाशी आला. "मोतीराम. कॉम्पिटंट, कॉम्पिटंट, कॉम्पिटंट, कॉम्पिटंट." आवाज तसूभर हलला नाही. मग त्यानं खालची पाच नावं वाचली. एकदा रामकिसननं मध्येच "माझं काय?" म्हणून विचारलं, तर त्याचंही थांबून परत वाचून दाखवलं.

गर्दी पांगल्यावर तो माझ्याकडं आला. मी उगाच मायक्रोमीटर पुसत होतो. त्यानं भांडावं, आईबहिणीवरून शिव्या द्याव्यात, सगळ्यांदेखत माझी लाज काढावी, असं मनापासून वाटत होतं. मग मलाही ओरडता आलं असतं.

तो हळूच म्हणाला, "वस्ताद, त्या दिवशी लिंबाखाली शब्द इचारले व्हते, ते ह्याच फॉर्मातले ना?"

"व्हय."

"मला नीट सांगता आलं नाय का? ऐकताना तुमचा काही घोळ झाला का?"

तो माझ्या डोळ्यांत बघत होता. मी खरं बोलावं म्हणून विचारत होता की मला सुटायला वाट करून देत होता, ते मला अजून कळलेलं नाही. मी वाट दिसली तसा घुसलो.

"व्हय रे," मी म्हणालो. "मधला मोठा का वरचा मोठा, त्यात घोळ झाला बघ. तू लई भरभर सांगितलंस."

 मोतीराम म्हणाला, "म्हंजे चूक माझीच."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला वहीचा एक कागद आणून दिला. तिन्ही शब्द, त्यांपुढं मराठीत अर्थ, आणि कोणता मोठा, कोणता लहान याचे आकडे. अक्षर मोत्यासारखं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ," तो म्हणाला. "फुडच्या बारीला दुसऱ्या कोणाचं नुकसान नको, केरबाभाऊ."

मी कागद घेतला. त्यानं मशीन चालू केली. त्या दिवसापासून तो कारखाना सोडेपर्यंत मला केरबाभाऊच म्हणत राहिला. बाकी सगळे मी रिटायर होईपर्यंत वस्ताद म्हणत होते.