शून्य सोडून

हेमचंद्रांनी संगणकावरच्या तक्त्यातलं सूत्र बदललं, तसा चँडलर शहराच्या गटापुढचा अकराचा आकडा झपकन तीन झाला. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

मराठी मंडळाचे स्वयंसेवक एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना फोन करत, त्याचा हा गटवार वार्षिक अहवाल. फोन झाला नाही, की पोरं इमानेइतबारे शून्य लिहीत आणि जुनं सूत्र ते शून्यही फोन झालेल्यांत मोजून घेई. रकाना भरला, की माणसाची विचारपूस झाली! सरासरी अडीच येई, कारण गटातल्या एकट्या नीलाकाकूंनाच बावीस फोन; त्यांच्या चकल्यांची कीर्तीच तशी होती. दोन वर्षं हा अहवाल हेमचंद्रांनीच डोळे झाकून पाठवला होता. जन्मभर कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात दोष मोजलेल्या माणसाला त्याची लाज वाटली.

फोन वाजला. मंडळाचा अध्यक्ष संजीव होता.

"काका, रिपोर्ट झाला? पाचला मीटिंग स्टार्ट होतेय."

"झाला. चँडलरमध्ये अकरा नाही, तिघांनाच फोन गेलेत."

"काय सांगताय! लास्ट इयर तर अकरा होते."

"तेव्हाही नसणार. मी शून्यं मोजत होतो."

पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत राहिला.

"ॲव्हरेजच दाखवूया ना, काका. अडीच बरं दिसतं."

"अडीच फोन कोणालाच आलेले नाहीत, संजीव."

"ओके, मग तीन टाका. त्या आठ जणांची नावं मला ईमेल करा, मी बघतो. चला, ड्राइव्ह करतोय."

फोन बंद झाला. हेमचंद्र नावं उतरवू लागले. सात भराभर झाली. आठवं लिहायला हात धजेना. ते त्यांचं स्वतःचं होतं. बायको गेल्यावर तेही एकट्या ज्येष्ठांच्या यादीत आले होते.

आज फोन आला होता खरा. त्यांनी आपल्या नावापुढच्या शून्याचा एक केला. गटापुढे तिनाचे चार झाले. बरं वाटलं.

मग नजर पानाच्या तळाशी गेली. तिथे त्यांनीच घातलेला नियम होता: मंडळाच्या कामासाठी केलेला फोन धरू नये.

त्यांनी एकाचं पुन्हा शून्य केलं. मग संजीवला पाठवायच्या यादीत आठवं नाव लिहिलं, आणि पाठवून दिलं.