तिग्रे की त्रिगो

एरसिराने तोंड धुतलं, खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि "आई गं" म्हणाली. मी चूल पेटवत होतो.

"काय झालं गं म्हातारे?"

"काही नाही. टोचलं काहीतरी."

दंडावर बारीक लाल ठिपका होता. टॉवेल खाली पडला होता आणि खुंटीजवळ भिंतीवर एक तिग्रे सावकाश वर चढत होती. एरसिराने तिच्याकडे बोट केलं. "ही बघ बया. इतकी वर्षं घरात ठेवून घेतली आणि आज मलाच चावली."

तिग्रे म्हणजे वाघीण. लांब काटकुळ्या पायांची, पट्ट्यापट्ट्यांची कोळीण. तिला आमच्याकडे कोणी मारत नाही, कारण ती रिंकोनला खाते. रिंकोन म्हणजे कोपऱ्यातली, तपकिरी. कपड्यांत, तसबिरीमागे बसून राहते. तिच्या चाव्याने माणसं गेलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून तिग्रे दिसली की एरसिरा झाडू बाजूने वळवायची.

"तिग्रे माणसाला चावत नाही," मी म्हणालो.

"मग मी काय खोटं बोलते?"

तिने भाकरी भाजली, कोंबड्यांना दाणे टाकले. दुपारी तिचा हात दुखायला लागला. दंड सुजला, घाम सुटला. ती पलंगावर कुशीला वळून पडली आणि मला म्हणाली, "ए म्हाताऱ्या, आरोग्य केंद्राला फोन कर." चार वेळा घरीच बाळंत झालेली बाई ती. तिने स्वतःहून असं कधी म्हटलं नव्हतं.

आमच्या टेकडीवर फोन नीट लागत नाही. कुंपणाच्या दगडावर उभं राहून बोलावं लागतं. केंद्रातल्या नर्स यास्नाने फोन उचलला. मी म्हणालो, "बायकोला कोळी चावलाय. तिने तिग्रे पाहिली, पण हात फार सुजलाय." फोनमध्ये नुसती घरघर होत होती. यास्ना म्हणाली, "लगेच आणा काका, मी तयारी करून ठेवते." मला धीर आला.

शेजारचा सेगुंदो पिकअप घेऊन आला. आमच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता तो, घरचाच माणूस. जानेवारी होता, आमच्याकडचा भर उन्हाळा, सगळीकडे गव्हाची कापणी चालली होती. गाडी चालवताना तो म्हणाला, "वहिनी, चुकीच्या माणसाला चावली बघा. याला चावायला हवी होती. म्हातारपणी दोन दिवस तरी ताठ उभा राहिला असता."

एरसिरा कण्हत कण्हत हसली. "याला? मेलेल्याला चावून काय उपयोग?"

हा विनोद गव्हातल्या काळ्या कोळिणीचा. ती पुरुषाला चावली तर काय होतं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कापणीच्या दिवसांत पुरुष दुसरं बोलतच नाहीत. सेगुंदो नेहमीसारखा बरळतोय असं मला वाटलं.

यास्नाने सुई भरूनच ठेवली होती. एरसिराच्या तोंडाजवळ वाकून तिने काहीतरी विचारलं, एरसिराने मान हलवली. सुई दिल्यावर ती झोपली. यास्ना म्हणाली, "वेदना उतरतील. रात्रभर इथेच राहू दे." मी खुर्चीत बसून राहिलो.

सकाळी वेदना उतरल्या नव्हत्या. दंडावर निळा-पांढरा डाग पसरला होता, मधे मधे जांभळा, संगमरवरासारखा. डोळे पिवळे वाटत होते. यास्ना गोंधळली. "असं व्हायला नको," ती म्हणाली. मग बाहेर रांगेत बसलेल्या कापणीवाल्यांवर ओरडली, "हातमोजे घाला रे! पायजम्याची टोकं बांधा! काकूंचं काय झालंय बघा. शेतात उघड्या हातांनी पेंढ्या उचलायच्या म्हणजे..."

"कुठलं शेत?" मी म्हणालो. "ती घरात होती. तोंड धूत होती."

यास्ना माझ्याकडे वळली. "तुम्हीच म्हणालात ना, त्रिगो?"

त्रिगो म्हणजे गहू. तिने सुई दिली होती ती गव्हातल्या काळ्या कोळिणीवरची.

"तिग्रे," मी म्हणालो. "तिग्रे म्हणालो मी. वाघीण!"

"मी काकूंनाही विचारलं, त्रिगो ना? त्या हो म्हणाल्या."

एरसिराने डोळे उघडले. "तू तिग्रे म्हणालीस पोरी," ती म्हणाली.

यास्नाने दंडावरचा डाग पुन्हा वाकून पाहिला. "तिग्रेनं असं होत नाही. घरात दुसरी कुठली होती? काका, ती सापडली पाहिजे. मेलेली असली तरी चालेल. मी इस्पितळात फोन लावते, पण ते पहिलं हेच विचारतील, कुठली म्हणून. तिकडे एकच रुग्णवाहिका आहे. नुसत्या संशयावर ते ती पाठवत नाहीत."

सेगुंदोने मला घरी नेलं. मी टॉवेल झटकला. काही नाही. खुंटी उपटली. पलंग ओढला, गादी फाडली, तसबिरी उतरवल्या, एरसिराचे कपडे एकेक करून अंगणात फेकले. सेगुंदो भिंतीच्या भेगांत सुरी घालत होता आणि शिव्या देत होता. मी देवाला म्हणत होतो, दे. एक कोळी मागितला तर कोणी नाही म्हणत नाही, एवढं तरी दे.

छताच्या वाशाखाली ती तिग्रे बसली होती. तिच्या तोंडात काहीतरी होतं. मी स्टुलावर चढलो. धाग्यांत गुंडाळलेली तपकिरी कोळीण, अर्धी चोखून संपवलेली. पण पाठीवरचा डाग शाबूत होता, व्हायोलिनसारखा. रिंकोन. टॉवेलात तीच बसलेली असणार, आणि तिग्रे तिच्याच मागावर आलेली. एरसिराने जी पाहिली ती शिकार करायला निघालेली होती.

मी दोघींना मुरंब्याच्या बरणीत घातलं. तिग्रेने आपला घास सोडला नाही.

केंद्रात पोचलो तेव्हा एरसिराच्या खाटेखाली भांडं होतं. त्यात लघवी होती, काळ्या कॉफीच्या रंगाची. यास्नाने बरणी उजेडात धरली, एकदाच पाहिलं आणि फोनकडे धावली. "रिंकोन!" ती ओरडत होती. "रि, रिंकोन! कोपऱ्यातली! ऐकू येतंय का?"

रुग्णवाहिका आली, पण लांबून आली. वाटेत एरसिरा एकदाच बोलली. "कपडे भिजतील," असं काहीतरी. अंगणातल्या कपड्यांचं तिला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. मी म्हणालो, "पाऊस नाही गं, जानेवारी आहे." तिने माझा हात धरला होता. पकड सैल व्हायला लागली तेव्हा मीच घट्ट धरला.

इस्पितळात तिला दारातूनच आत नेलं. मला आत सोडलं नाही. मी बरणी घेऊन दाराशी उभा राहिलो. जो कोणी पांढऱ्या कपड्यात बाहेर येई त्याला मी सांगत होतो, "रिंकोन आहे. तिग्रे नाही, त्रिगो नाही. रिंकोन." एक तरुण डॉक्टर थांबला. "कळलंय आम्हाला," तो म्हणाला. "त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आहेत. प्रयत्न चालू आहेत."

"पण रिंकोन आहे हे नीट कळलंय ना?"

"कळलंय, काका."

संध्याकाळी तोच डॉक्टर परत आला. या वेळी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काकू गेल्या, काका." मी त्याला पुन्हा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो आत गेल्यावर फरशी पुसणारी बाई आली, तिलाही सांगितलं, शब्द तोडून तोडून, ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून.

"हो दादा," ती म्हणाली. "रिंकोन. ऐकलं मी. आता बसा तुम्ही."