सगळं वाऱ्याच्या माथी

धाकटीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. वसंत लागला होता आणि वारा असा सुटला होता की आपल्या दोरीवर घातलेलं दुपटं शेजारणीच्या कुंपणावर सापडावं. धाकटी बाळंतीण होऊन थोरल्या बहिणीकडे आली होती. ही बहीण शिंपीण. पुढ्यात इस्पितळातल्या नर्सबायांच्या गणवेशांचा ढीग, आतल्या खोलीत दोन पाळणे; एक निजलं की दुसरं जागं. नुसते नाकी नऊ. तरी रोज उजाडलं की ती दार ओढून तळ्यावर जायची. रविवारी जोडीने वल्हवायच्या होड्यांची शर्यत होती, आणि दादाने सांगून ठेवलं होतं, ही माझी शेवटची.

दादा म्हणजे सगळ्यांत थोरला भाऊ, सुतार. तिला वल्हं धरायला त्यानेच शिकवलं. गेल्या वर्षी दोघं अगदी थोडक्यात हरली होती. दादाने जिंकूनच वल्हं खुंटीला टांगावं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

होडी अरुंद, दोघांपुरती. ती पुढे, दादा मागे. पुढचीने ताल धरायचा, मागच्याने त्या तालावर वल्हवायचं. आणि पुढचीने मागे वळून बघायचं नाही, हा दादाचा कायदा. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की होडी कलंडते. शिकताना ती वळली की दादा वल्ह्याच्या पात्याने तिच्या पाठीवर थोपटायचा. "तोंड पुढे! मी काही पळून जात नाही."

सोमवारी वारा समोरून होता. होडी काही सरकेना.

"दादा, हे पाणी आहे की खळ?"

"वल्हवता येईना, तळं वाकडं! असं करू नकोस, ठमे."

लहानपणी ती बुटकी, गोलमटोल; तेव्हापासून दादाला ती ठमीच. तो हसला, पण हसू मधेच तुटलं. वाऱ्याने नेलं असेल, असं तिला वाटलं.

मग वारा रोज वाढत गेला आणि होडीही रोज जड होत गेली. तिचे खांदे असे भरून आले की एका गणवेशाला तिने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. उसवत बसली होती, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, दादा काल बाळांना बघायला आला तो पायरीवरच बसून राहिला गं. घामाने निथळत होता."

"सुतार माणूस. घाम नाही यायचा तर काय अत्तर येईल?"

दुसऱ्या दिवशी तळ्यावर दादाच म्हणाला, "एक दिवस सुट्टी घेऊ या का?"

"सुट्टी? दोन पोरांची आई सुट्टी घेत नाही, मी बरी घेईन!"

"पोरं तिची, रुबाब तुझा."

"म्हातारा झालास, असं सरळ सांग ना."

"म्हातारी तुझी सासू. बस पुढे."

आणि ती बसली.

शनिवारी वारा पडला. तळं ताटात ओतून ठेवल्यासारखं सपाट. आता होडी पळेल म्हणून तिने दात-ओठ खाऊन वल्हं मारलं. होडी तेवढीच जड. परत मारलं. जडच. आज वाऱ्याला बोल लावायची सोय नव्हती. तिने कान दिला. तिचं वल्हं पाणी कापत होतं. मागचं नुसतं बुडत होतं, चुळूक चुळूक.

तिने कायदा मोडला आणि वळली. होडी डचमळली. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. डावा हात मांडीवर पडलेला, उजव्या हाताने तो वल्हं पाण्यात टेकवत होता. तिला आवाज यावा एवढ्याचसाठी.

"तोंड पुढे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"वारा सुटला तेव्हापासून."

"सांगायचं नाही का रे?"

"तू ताल इतका झकास धरला होतास. मोडवेना."

काठ लांब होता. ती पुढे वळली, कारण वल्हवायला दुसरं कुणी नव्हतं. "दादा," ती म्हणाली, "पातं माझ्या पाठीला लावत राहा. थांबू नकोस." त्याने पातं लावलं. ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाणी ओढत राहिली. पाठीवर ओलं पातं टेकत होतं, सुटत होतं, परत टेकत होतं. काठ आला तेव्हाही ते टेकलेलंच होतं.

इस्पितळात त्याला उतरवून घेणाऱ्या नर्सबाईच्या अंगावर तिनेच शिवलेला गणवेश होता. बाह्या बरोबर होत्या.

दादा दुसऱ्या दिवशी, शर्यतीच्या रविवारी सकाळी गेला. जुळं तेव्हा महिन्याचंही नव्हतं.