किरणबाबांची गुलाबी ज्योत

"दिखी! दिखी!" लखनऊच्या वृंदावन योजना या वसाहतीतल्या मैदानात माणसं रडत होती, आभाळाला हात जोडत होती. संध्याकाळचं आभाळ नेहमीसारखंच धुरकट. पण जो तो म्हणत होता, गुलाबी ज्योत उतरली!

सूर्यावर मोठं वादळ झालं होतं. लडाखात आभाळ लाल झाल्याचे फोटो फोनवर फिरत होते. किरणबाबांनी तेवढ्यावर दुकान मांडलं. "लडाख क्या चीज है, लखनऊ में उतारूँगा! जिसको दिखी, उसका रोग गया. शंका की, तो किरण वापस!" वा रे वा! सूर्य जणू यांच्या घरचा गडी!

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं. पण या वेळी मी घाबरले होते. शेजारच्या सुलभाताईंनी नवऱ्याला चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, म्हणून मीही मागोमाग आले होते. दिनकरराव रेल्वेत इंजिनियर, दोन्ही किडन्या निकामी. बाबांच्या शब्दावर डायलिसिस बंद केलेलं. पाय सुजलेले, धाप लागलेली.

"ताई, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला!"

"मृणाल, यांना दिसली गं! मलाही दिसली. आता त्या सुया नकोत. किती हाल बघू यांचे?"

मी स्टेजकडे पाहिलं. तिथे भला मोठा हिरवा दिवा. बाबा सगळ्यांना त्याकडे टक लावायला सांगत, "पलक मत झपकाना!" आणि मग एकदम, "ऊपर देखो!" अच्छा, असं आहे होय!

"ताई, पुन्हा दिव्याकडे बघा. आता आभाळाकडे नको, माझ्या पांढऱ्या ओढणीकडे बघा."

त्यांनी बघितलं. "इथेही गुलाबी?"

"हिरव्याकडे टक लावून डोळा थकतो, मग फिकट जागेवर गुलाबी डाग दिसतो. नजर जाईल तिथे तो जातो. आभाळात काही नाही हो, ताई!"

त्या नवऱ्याकडे वळल्या. "मग यांना दिसलं ते?"

दिनकरराव धापा टाकत म्हणाले, "मी डोळे मिटूनच होतो, सुलभा. तू इतकी खूश झालीस, म्हणून हो म्हणालो."

सुलभाताईंनी कपाळावर हात मारला. मग जिवाच्या आकांताने ओरडल्या, "भैया, रास्ता दो!" पण दिव्यावरची नजर काढायला कुणी तयार होईना. आम्ही गर्दीतून खुर्ची अक्षरशः ढकलत नेली.

दिनकरराव आता हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर आहेत. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. सुलभाताई बाहेर बाकावर बसून आहेत, आणि मी हे लिहितेय. हात जोडून सांगते, जे दिसलं ते दुसरीकडे नजर वळवून तपासा. आणि उपचार थांबवायला सांगणारा कितीही मोठा बाबा असो, त्याचं ऐकून माणूस गमावू नका.